बंद मॉलच्या जागी वस्ती : दुकानदाराच्या वाट्याला काय येते?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई-ठाण्याकडचे अनेक मॉल ओस पडले. सरकते जिने बंद, काचेमागे धूळ, तळमजल्यावर एखादा एटीएम आणि दारावर एक कंटाळलेला पहारेकरी, हे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही. या जागेचे पुढे काय होणार, असा प्रश्न बाजारात निघाला की उत्तर ठरलेले असते : "काय होणार? टॉवर होणार." उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. मॉल पाडल्यावर तेथे नुसता टॉवर होतो, की रस्ते, घरे, दुकाने, कचेऱ्या, बाग अशी भरलेली वस्ती होते, यात फार मोठा फरक आहे. आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की जुन्या इमारतीत धंदा करणाऱ्या दुकानदाराला त्या वस्तीत जागा मिळते की नाही.

अमेरिकेत हे काम पस्तीस वर्षांपासून चालू आहे, इंग्लंडमध्येही झाले आहे. तेथील दोन प्रकरणे येथे थोड्या तपशिलाने मांडतो. पहिल्यावरून वस्ती कशी उभी राहते ते कळते. दुसऱ्यावरून दुकानदाराचे काय होते ते कळते. त्यानंतर आपल्या मुंबईकडे वळू. पागडीच्या दुकानात किंवा एखाद्या कॉम्प्लेक्सच्या गाळ्यात बसलेल्या आपल्या बांधवांचा या गोष्टीशी सरळ संबंध आहे.

मॉल बंद का पडतो?

छपराखालचा, वातानुकूलित मॉल ज्याने रूढ केला तो व्हिक्टर ग्रुएन, व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला वास्तुविशारद. मिनियापोलिस शहराजवळ एडिना येथे १९५६ साली त्याने साउथडेल हा मॉल उभा केला. गंमत अशी, की त्याच्या मूळ आराखड्यात मॉलच्या भोवती घरे, शाळा, दवाखाना आणि बागही होती. प्रत्यक्षात बांधला गेला तो फक्त मॉल आणि भोवतीचे मोटारी उभ्या करण्याचे मैदान. पुढे अमेरिकाभर त्याचीच नक्कल झाली, आणि उतारवयात ग्रुएन स्वतःच या मॉलांवर उघडपणे नाराज होता. तेव्हा आज मॉल पाडून वस्ती करतात ती काही नवी कल्पना नव्हे. खाली दुकान, वर घर, कोपऱ्यावर मशीद आणि मशिदीचा खर्च तिच्या वक्फ दुकानांच्या भाड्यातून, हा तर आपल्या जुन्या शहरांचा पिढीजात रिवाज आहे. इस्तंबूलचा प्रसिद्ध छपराचा बाजार फातेह सुलतान महमद यांनी पंधराव्या शतकात बांधविला, तोच मुळी आयासोफिया मशिदीच्या वक्फला उत्पन्न मिळावे म्हणून.

असो. मॉलचे गणित समजून घेऊ. मॉलमध्ये दोन-तीन फार मोठी दुकाने असतात, त्यांना अँकर म्हणतात. गिऱ्हाईक त्यांच्या नावाने येते, म्हणून त्यांना जागा अगदी स्वस्तात दिली जाते. अमेरिकेत तर पुष्कळदा त्यांची इमारत त्यांच्याच मालकीची असते. मॉलच्या मालकाची खरी कमाई मधल्या शे-सव्वाशे लहान दुकानांच्या भाड्यातून होते, कारण चौरस फुटामागे सर्वांत जास्त भाडे लहान दुकानदारच भरतो. आता एक अँकर बंद पडला, की लहान दुकानांची गर्दी तुटते. नावाजलेल्या कंपन्यांच्या करारात आधीच लिहिलेले असते, की अँकर गेला तर आम्ही भाडे कमी देऊ किंवा करार मोडून निघून जाऊ. एकट्या व्यापाऱ्याच्या करारात असे कलम नसते. कंपन्या निघून जातात आणि तो शेवटपर्यंत पूर्ण भाडे भरत बसतो. सिअर्सने २०१८ साली आणि जेसी पेनीने २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अमेरिकेतील कितीतरी मॉलांचे खांबच निखळले. घरबसल्या खरेदीने या पडझडीला जोर दिला, पण पडझड तिच्या आधीपासूनच चालू होती. मॉल गरजेपेक्षा फार जास्त झाले होते.

मॉल पडल्यावर जमीन मात्र सोन्याची उरते. अमेरिकेतील जुन्या मॉलला दर हजार चौरस फूट दुकानामागे सुमारे पाच मोटारी उभ्या राहतील एवढी जागा सोडीत. एका मोटारीला वळण्याच्या वाटेसह सव्वातीनशे-साडेतीनशे चौरस फूट लागतात. म्हणजे दुकान हजार फूट आणि त्याची मोटार सतराशे फूट! मॉल मेला की हे सारे मैदान मोकळे होते, आणि तेच पुढे वस्तीचे भांडवल होते.

व्हिला इटालियाचे बेलमार झाले

कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला लेकवूड नावाचे उपनगर आहे. तेथे १९६६ साली व्हिला इटालिया हा मोठा मॉल उघडला. लेकवूडला स्वतःचा बाजारपेठेचा चौक असा कधी नव्हता, त्यामुळे हा मॉलच गावाचा चौक बनला. शाळकरी मुले, म्हातारी माणसे, सणासुदीची खरेदी, सर्व तेथेच. नव्वदीच्या दशकात गिऱ्हाईक नव्या मॉलांकडे वळले आणि नगरपालिकेचे विक्रीकराचे उत्पन्न घसरले. अमेरिकेत नगरपालिकेचा मोठा खर्च या करातून चालतो, म्हणून मॉल मेला की गावाच्या तिजोरीलाही भोक पडते. २००१ साली मॉल बंद झाला.

नगरपालिकेपुढे सोपा मार्ग होता, तो म्हणजे कोणा मोठ्या कंपनीला एक मोठे पेटीसारखे दुकान बांधू देणे. तिने तसे केले नाही. आधी नागरिकांची समिती बसवून गावाला काय हवे ते विचारले, मग कंटिन्यूअम पार्टनर्स या विकासकाशी मिळून आराखडा केला. १०४ एकरांच्या त्या एका अखंड तुकड्यावर प्रथम रस्ते आखले आणि त्यांतून २२ चौकोनी खंड पाडले. हे रस्ते आजूबाजूच्या जुन्या रस्त्यांना जोडले. माझ्या मते या साऱ्या प्रकल्पातील हेच सर्वांत मोलाचे काम. मॉल रस्त्याकडे पाठ करून बसतो, तर बाजार रस्त्यावर तोंड करून बसतो. रस्ता नसेल तर दुकानाला दर्शनी बाजू नाही, आणि दर्शनी बाजू नसेल तर चालत्या माणसाची नजर दुकानावर पडतच नाही. कापडाचा निम्मा धंदा या नजरेवर चालतो.

बेलमार नावाच्या या वस्तीचा पहिला टप्पा २००४ साली उघडला. तळमजल्यावर दुकाने आणि खानावळी, वर भाड्याची व विकत घेण्याची घरे, कचेऱ्या, सिनेमागृहे, मधे चौक आणि बागा. मोटारी मजल्यामजल्यांच्या इमारतीत चढविल्या. अशा इमारतीची बाजू रस्त्यावरून भकास दिसते, म्हणून एका ठिकाणी तिच्या कडेने कलाकार-कारागिरांसाठी लहान गाळ्यांची रांग बांधली. आपल्या कारागीर बांधवांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. मोठ्या इमारतीच्या कडेला जी आठ-दहा फुटांची बिनकामाची पट्टी उरते ती विकासकाला निरुपयोगी असते, पण जरीवाल्याला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला किंवा शिलाईवाल्याला ती पुरेशी असते. मागितली तर ती कमी भाड्यात मिळू शकते. आराखडा मंजूर होण्यापूर्वी मागावी लागते, एवढेच.

पैसा कोठून आला? जमीन साफ करणे, रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या, मोटारतळ हा खर्च एकटा विकासक करीत नाही, कारण त्यातून लगेच काही परत येत नाही. त्यासाठी कर्जरोखे काढले जातात. बेलमारमध्ये दुकानातील प्रत्येक बिलावर एक जादा आकारणी ठेवली आणि नगरपालिकेने आपल्या विक्रीकराचा काही भाग सोडून दिला. त्या आकारणीतून कर्ज फिटते. कागदावर ही आकारणी गिऱ्हाईक भरते. दुकानदाराला विचाराल तर तो सांगेल, की समोरच्या गावात तोच माल तिच्याशिवाय मिळत असेल तर घासाघीस माझ्याच गल्ल्यावर येते.

फ्लोरिडामधील बोका रेटन शहराने निराळा मार्ग काढला. तेथील १९७४ चा मॉल पाडून १९९१ साली मिझनर पार्क ही वस्ती उघडली. मॉलचे नाव पुसून वस्ती करण्याच्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी ती एक. तेथे जमीन शहराच्या पुनर्विकास संस्थेने स्वतः विकत घेतली आणि विकासकाला भाडेपट्ट्याने दिली. आपल्या वक्फ संस्थांच्या विश्वस्तांनी हा नमुना जरूर पाहावा : जमीन विकायची नाही, पट्ट्याने द्यायची, आणि पट्ट्यात दुकानदारांच्या अटी लिहून घ्यायच्या.

आणखी एक लहानसे उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात १८२८ साली बांधलेला आर्केड नावाचा तीन मजली छपराचा बाजार आहे. अमेरिकेतील हा सर्वांत जुना. वरचे मजले कधीच नीट चालले नाहीत आणि अखेर सारी इमारत बंद झाली. २०१३ साली ती न पाडता वरच्या दोन मजल्यांवर ४८ लहान लहान खोल्यांची घरे केली आणि तळमजल्यावर दुकाने ठेवली. घरे भरली. वरच्या मजल्यावरचे दुकान चालत नाही हे कोणत्याही कापडवाल्याला ठाऊक आहे. तेथे ते समजायला पावणेदोनशे वर्षे लागली.

लंडनचा हत्ती

आता दुसरी बाजू. लंडनच्या दक्षिण भागात एलिफंट अँड कॅसल नावाचा चौक आहे. तेथे मार्च १९६५ मध्ये मोठे छपराचे खरेदी केंद्र उघडले. दारावर हत्ती आणि त्याच्या पाठीवर किल्ला. तीन मजले, १२० दुकानांची योजना. पण उघडताना बहुतेक गाळे रिकामे होते. भोवती मोटारींचे वर्तुळ, पायी माणसाला जमिनीखालच्या बोगद्यातून यावे लागे. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरविली. भाडी उतरली. आणि भाडी उतरली की कोण येतो? आपल्यासारखा माणूस येतो. नव्वदीच्या सुरुवातीपासून कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया येथून आलेल्या लोकांनी वरचे रिकामे गाळे घेतले. खानावळी, पैसे मायदेशी पाठविण्याच्या पेढ्या, शिंपी, केशकर्तनालये. आफ्रिकेतील आणि आशियातील व्यापारीही होते. इमारतीच्या भोवतीच्या खोलगट अंगणात उघडा बाजार भरे, तेथे कपडे, बॅगा, मोबाइलचे सामान मिळे. वर पत्ते-आकड्यांच्या खेळाचा मोठा हॉल आणि बोलिंगचे मैदान होते. शहरातील शहाण्या लोकांच्या दृष्टीने ही इमारत म्हणजे एक कुरूप ठिगळ होते. गरिबाच्या दृष्टीने मात्र तेथे स्वस्तात जेवण आणि आपल्या भाषेत बोलणारा दुकानदार होता.

मालकी फिरत राहिली. एका काळात कुवेतच्या सालहिया कंपनीची भागीदारी होती. २०१३ साली डेलान्सी या कंपनीने हॉलंडमधील निवृत्तिवेतन निधीच्या साथीने हे केंद्र ८ कोटी पौंडांना घेतले. पुढे ज्या कंपनीमार्फत घरे बांधावयाची होती तिच्यात कतार सरकारच्या कतारी दियारचाही हिस्सा होता. योजना अशी : सारे पाडून ९७९ घरे, दुकाने, कचेऱ्या, भुयारी रेल्वेचे नवे दार आणि लंडन कॉलेज ऑफ कम्युनिकेशनची नवी इमारत. घरे विकायची नाहीत, भाड्यानेच द्यायची.

जानेवारी २०१८ मध्ये सदर्क नगरपालिकेच्या नियोजन समितीत ही योजना अडली. कारणे दोन : गरिबांना परवडणारी घरे फार थोडी, आणि दुकानदारांची सोय नाही. दुकानदार, विद्यार्थी, घरांसाठी लढणाऱ्या संघटना सगळे सभागृहाबाहेर उभे होते. विकासकाने आराखडा बदलला. जुलै २०१८ मध्ये समितीने अगदी थोडक्या मताधिक्याने मंजुरी दिली. शेवटच्या करारात ३३० घरे परवडणारी धरली, त्यांतली ११६ खऱ्या अर्थाने स्वस्त भाड्याची. दुकानदारांसाठी ६ लाख ३४ हजार ७०० पौंडांचा स्थलांतर निधी, तात्पुरत्या बाजाराची जागा, सल्ला देणारी संस्था आणि नव्या केंद्रात काही दुकाने कमी भाड्याने देण्याची अट आली. हे सर्व आधीच्या कागदात नव्हते, भांडून आले. मंजुरीविरुद्ध एका रहिवाशाने दावा केला, तो डिसेंबर २०१९ मध्ये फेटाळला गेला आणि मे २०२१ मध्ये वरच्या न्यायालयानेही फेटाळला.

केंद्र २०२० च्या जुलैअखेर बंद होणार होते, ते लांबून २४ सप्टेंबरला बंद झाले. म्हणजे कोरोनाच्या टाळेबंदीत गल्ला रिकामा, आणि दार उघडल्यावर काही आठवड्यांत कायमचे कुलूप. काही दुकानदारांना जवळच कॅसल स्क्वेअर या तात्पुरत्या बाजारात डबेवजा गाळे मिळाले, काहींना एका निवासी इमारतीखालच्या जुन्या मोटार-गॅरेजांचे गाळे करून दिले, काही दूर गेले. सर्वांना जागा मिळाली नाही. २०२१ साली इमारत पाडली.

कागदावर पाहिले तर लंडनच्या दुकानदाराला बरेच मिळाले. तरी तेथील व्यापाऱ्यांची तक्रार राहिली, आणि माझ्या मते ती न्याय्य आहे. त्यामागे व्यापाराचे एक साधे गणित आहे, जे नियोजन करणाऱ्या साहेबांच्या वहीत सापडत नाही.

एक कुटुंब दूध-भाजी रोज घेते, किराणा आठवड्याला, केस महिन्याला कापते. पण कापड? ईदला, लग्नाला, शाळा उघडताना. तेव्हा हजार घरांच्या वस्तीत किराणावाला, डॉक्टर, केशकर्तनालय, खानावळ तगते. कापडवाला, सराफ, भांडेवाला तगत नाही. त्याला दूरचे गिऱ्हाईक हवे. आणि दूरचे गिऱ्हाईक एका दुकानासाठी येत नाही, रांगेसाठी येते. मंगलदास मार्केटमध्ये बाई शिरते ती कोणा एकाचे नाव घेऊन नव्हे. दहा दुकानांत ताके उलगडून पाहीन, अकराव्यात घेईन, या भरवशावर ती येते. अकराव्याचा धंदा पहिल्या दहांमुळे आहे. एलिफंटच्या कोलंबियन खानावळीचे गिऱ्हाईकही असेच होते : जेवण, मनिऑर्डर, केस, मायदेशाची खबरबात, सारे एका छपराखाली. ती दुकाने तीन-चार ठिकाणी विखुरली. प्रत्येकाला गाळा मिळाला तरी रांग मोडली, आणि भरपाई मोजताना ती रांग कोणाच्याच हिशेबात नव्हती.

इंग्लंडचा कायदाही पाहण्यासारखा आहे. १९५४ च्या कायद्याने दुकानाच्या भाडेकरूला करार संपल्यावर नवा करार मागण्याचा हक्क आहे. पण मालकाला पाडून बांधायचे असेल तर तो नकार देऊ शकतो, आणि मग भाडेकरूला मिळते ती ठरावीक भरपाई : मालमत्तेच्या करपात्र मूल्याइतकी, चौदा वर्षे धंदा केला असेल तर दुप्पट. जागा परत मिळण्याचा हक्क नाही. शिवाय करार करतानाच या संरक्षणावर पाणी सोडल्याचे कलम घालता येते, आणि स्वस्त गाळ्याच्या आशेने लोक त्यावर सही करतात.

आता आपल्याकडे

१९९९ साली ताडदेवला क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखविणाऱ्याला, नाहीतर प्रवेशफी भरणाऱ्यालाच आत सोडीत. तोही मॉल पुढे हात बदलत बदलत थंड पडला. त्यानंतर जे मॉल निघाले त्यांतील पुष्कळांमध्ये विकासकांनी गाळे सुटे सुटे विकले. दोनशे-तीनशे मालक, प्रत्येकाचा धंदा वेगळा, कोणी गाळा भाड्याने दिलेला, कोणी नुसता कुलूप लावून किंमत वाढण्याची वाट पाहणारा. अशा मॉलला एक धनी नसतो, म्हणून कोणते दुकान कोठे बसावे हे ठरविणारा कोणी नसतो. आणि बंद पडल्यावर पाडायचे तर एवढ्या सह्या कोण जमविणार? लेकवूडला एकेका मोठ्या करारदाराशी बोलावे लागले, येथे तर प्रत्येक गाळेधारकाशी. ज्या बांधवांनी असे गाळे घेतले आहेत त्यांनी मालकांची संस्था नोंदवलेली आहे काय, आणि जमीन संस्थेच्या नावे झाली आहे की अजून विकासकाच्याच नावे आहे, हे आधी पाहावे. जमीन विकासकाच्या नावे असेल तर पुनर्विकासाचा पहिला शब्द त्याचाच राहील.

गाळा विकत नसून लीव्ह अँड लायसन्सवर असेल तर समजून चाला, की पुनर्विकासात आपला हक्क शून्य. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मुदत संपली की लायसन्सधारकाने जागा सोडायची. करार मूळ मालकाशी असतो, नव्या इमारतीत गाळा मिळेल तो मालकाला. पंधरा वर्षे त्याच गाळ्यात धंदा केला, नाव कमावले, हे सर्व खरे. पण दर अकरा महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी आपणच सही करून ते पुसत आलो आहोत.

पागडीवाल्याची स्थिती बरी आहे. मुंबई शहरातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो, त्यात दुकानाच्या भाडेकरूला त्याच्या सध्याच्या जागेइतकी जागा मिळते. पण दोन गोष्टींत माणसे अडकतात. पहिली, भाडेकरूंची यादी १३ जून १९९६ या तारखेवर बेतलेली आहे. त्यानंतर मालकाने मधे भिंत घालून एकाचे दोन गाळे केले असतील तर दुसरा गाळा पुनर्विकासात वेगळा मोजला जात नाही. वडिलांच्या नावची पावती तीन भावांत वाटून तीन दुकाने चालत असतील, तर कागदावर भाडेकरू एकच. भावाभावांतले वाटप घरात बसून लिहून ठेवा, सर्वेक्षणाचा माणूस येण्याआधी. दुसरी गोष्ट पोटमाळ्याची. आपली निम्मी दुकाने पोटमाळ्यावर जगतात. खाली गादी आणि गिऱ्हाईक, वर गाठी आणि ताके. पोटमाळा क्षेत्रात धरला की नाही, नव्या गाळ्याची उंची पोटमाळा घालण्याइतकी आहे की नाही, हे नकाशावर पाहून घ्या. तळमजला दहा फुटी असेल तर १८० फुटांचा जुना गाळा आणि १८० फुटांचा नवा गाळा यांत शंभर फुटांचे नुकसान आहे, आणि ते कोठेही लिहिलेले नसते.

मताचीही गोष्ट आहे. ३३(७) मध्ये निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानेही ५१ टक्क्यांचाच नियम केला. ज्या इमारतीत वर साठ कुटुंबे आणि खाली आठ दुकाने आहेत तेथे दुकानदारांची मते कधीच भारी पडणार नाहीत. वरच्या लोकांना हवी असते लिफ्ट, गच्ची आणि गाडीची जागा. आणि विकासकाला रस्त्यावरची दर्शनी बाजू स्वतः विकायची असते, कारण सर्वांत जास्त भाव तिलाच. मग जुन्या दुकानदाराला "तेवढेच क्षेत्र" मिळते, पण आतल्या अंगणात किंवा पहिल्या मजल्यावर. एलिफंटच्या दुकानदारांनी जे केले ते येथेही करता येते : मंजुरीपूर्वी, सगळ्यांनी मिळून, एकच निवेदन.

भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ पासून चालविलेल्या कामाकडे या दृष्टीने पाहावे. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे जुन्या इमारती, ३२०० च्या आसपास कुटुंबे आणि १२५० च्या आसपास दुकाने. एवढी दुकाने एका आराखड्यात आली म्हणजे बाजार एकत्र ठेवण्याची संधी आली, जी एकेक इमारत सुटी सुटी पाडताना मिळत नाही. काम मात्र बारा-पंधरा वर्षांच्या मापाचे. घरातली मंडळी एवढी वर्षे संक्रमण सदनिकेत काढू शकतात. दुकान एवढी वर्षे बाजूला राहिले तर गिऱ्हाईकाची एक पिढी दुसऱ्या दुकानात वाढते.

म्हणून कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारावर सही करताना क्षेत्रफळावर थांबू नये. कोणत्या रस्त्यावर दार, दर्शनी रुंदी किती, तळमजल्याची उंची किती, माल उतरविण्यास टेम्पो कोठे उभा राहील, दर महिन्याचा मेंटेनन्स दुकानाला फ्लॅटच्या दराने की तिप्पट, आणि शेजारी कोण, हे नकाशासह करारात जोडून घ्यावे. तात्पुरती जागा जुन्या बाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आणि सर्वांची एकाच ठिकाणी मागावी, भले ती पत्र्याची असो. नुसते भाडे घेऊन ज्याने त्याने आपली जागा शोधावी हा पर्याय विकासकाला सोयीचा असतो, दर महिन्याला रोख हातात येते म्हणून आपल्यालाही गोड वाटतो, पण रांग मोडते ती येथेच. आणि जागा खाली करण्याची तारीख रमजानच्या आधी येत असेल तर ती ईदनंतरची करून घ्यावी. वर्षाचा निम्मा गल्ला त्या महिन्यात असतो, आणि उधारी वसूल होते तीही तेव्हाच.